गाण्याचा हुम्पा कसा करावा: एलॅकेलॅइसेतच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या हौशी वाद्यवृंदासाठी सविस्तर मार्गदर्शन

फिनलंडच्या पूर्वेकडील योएन्सू या शहरातल्या काही रॉक वादकांनी १९९३ साली विरंगुळा म्हणून एक जोडधंदा सुरू केला. त्यांच्या मूळ वाद्यवृंदाचे नाव ‘कुमिकामेली’ म्हणजे रबरी उंट असे होते, आणि जोडधंद्याला त्यांनी ‘एलॅकेलॅइसेत’ हे नाव दिले. त्याचा अर्थ निवृत्तिवेतनधारक, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातले पेन्शनर. जगभर गाजलेली रॉक गाणी घ्यायची, त्यांना मूळ अर्थाशी काहीही संबंध नसलेले फिनिश शब्द द्यायचे आणि ती हुम्पा या जुन्या नृत्यसंगीताच्या लयीत, टेबलामागे बसून, शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने वाजवायची, एवढाच त्यांचा उद्योग. जोडधंदा मूळ धंद्याहून मोठा झाला. जर्मनीत त्यांचे दौऱ्यांमागून दौरे झाले आणि २०१० साली युरोव्हिजन स्पर्धेसाठी फिनलंडचे गाणे निवडण्याच्या राष्ट्रीय फेरीतही ते उतरले.

त्यांचे वादन प्रथम ऐकणाऱ्याला वाटते की गाणे नुसते पळवले आहे आणि त्यात गंमत असेल तर ती वेगाची आहे. हा समज घेऊन जो वाद्यवृंद हुम्पा वाजवायला बसतो, तो दुसऱ्या गाण्यातच दमतो आणि श्रोते तिसऱ्यात. प्रत्यक्षात या संगीतात सुरावट बहुधा फारशी पळत नाही. पळते ती साथ, आणि तीही अत्यंत शिस्तीने. ही शिस्त कशी बसवायची, ते या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. वाद्ये कोणतीही चालतील. एक बास, एक स्वरसंगती देणारे वाद्य, एक तालवाद्य आणि एक गाणारा गळा एवढे असले की पुरे.

आधी लय कानात बसवावी

हुम्पा हा शब्द उच्चारताना ‘हुम्’ जड आणि ‘पा’ हलका म्हणावा, म्हणजे त्या शब्दातच सगळी लय सापडते. १९५० च्या दशकात फिनिश नभोवाणीवरील एका कार्यक्रमासाठी आन्तेरो आल्पोला यांनी तो रूढ केला. म्युनिकच्या ऑक्टोबर महोत्सवात ट्यूबाच्या संगीताला स्थानिक लोक जे नाव देत, ते त्यांनी उचलले होते. संगीत मात्र शब्दाहून जुने आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फिनलंडमध्ये जाझ, फॉक्सट्रॉट आणि अकॉर्डियन यांचे एक घरगुती मिश्रण तयार झाले होते. १९२५ साली हेलसिंकीत स्थापन झालेला ‘दल्लापे’ हा त्या काळचा नावाजलेला वाद्यवृंद, आणि त्याचे नाव एका इटालियन अकॉर्डियनच्या छापावरून घेतलेले होते. आल्पोला यांच्या कार्यक्रमातून पुढे आलेल्या ‘हुम्पा-वेइकोत’ या वाद्यवृंदाने तीच जुनी चाल काहीशी चेष्टेने, काहीशी आठवणीने पुन्हा वाजवली. म्हणजे हुम्प्यात चेष्टा पहिल्यापासून आहे, एलॅकेलॅइसेतने ती आणलेली नाही. पण लोक तेव्हाही त्यावर नाचत होते आणि आजही नाचतात, हे विसरू नये.

आता मोजणी. एका आवर्तनात ४ मात्रा धराव्यात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बासचा ठोका पडतो, तो ‘हुम्’. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वरच्या वाद्यांचा आखूड आघात येतो, तो ‘पा’. सर्वसाधारणपणे मिनिटाला २२० ते २६० मात्रा ही हुम्प्याची गती असते. आकडा ऐकून घाबरून जाऊ नये, कारण बासचे ठोके त्याच्या निम्मे, म्हणजे मिनिटाला ११० ते १३० पडतात, आणि ही तर गाडी चुकू नये म्हणून जरा लगबगीने चालणाऱ्या माणसाच्या पावलांची गती झाली. ऐकण्याचा पहिला सराव असा करावा: कोणताही हुम्पा लावून खोलीत चालावे आणि पाऊल फक्त बासवर टाकावे. दोन-तीन गाण्यांनंतर वेग जाणवेनासा होतो. त्यानंतर चालणे तसेच ठेवून दोन पावलांच्या मधल्या जागी टाळी वाजवावी. पाय आणि टाळी यांची गल्लत न होता एक पूर्ण गाणे निभावले, की हा माणूस कोणतेही वाद्य घेऊन बसायला तयार झाला असे समजावे.

आपल्याकडच्या कानाला येथे एक अडचण येते. केरवा म्हणून आपण जो वाजवतो, त्यात पुष्कळदा एक झोल असतो. मात्रा सारख्या अंतरावर न पडता किंचित हेलकावत पडतात, आणि गाण्याचा गोडवा त्या हेलकाव्यातच असतो. हुम्प्याला हा झोल अजिबात चालत नाही. चारही मात्रा विटा रचल्यासारख्या सरळ पडल्या पाहिजेत. तबलजीला हे सांगणे सोपे आहे, त्याच्या हातातून ते काढून घेणे अवघड आहे, आणि सरावाचा बराच वेळ येथेच जातो.

गाणे निवडताना

निवडीची पहिली कसोटी ही की श्रोत्याने सुरावट दोन ओळींत ओळखली पाहिजे. हुम्प्यात गाण्याचा पोशाख पूर्ण बदलतो; आतला माणूस ओळखूच आला नाही तर पोशाखाची मजा कोणाला कळणार? म्हणून ज्याचे सौंदर्य वाद्यमेळात किंवा गायकाच्या हरकतींत आहे असे गाणे टाळावे आणि जे न्हाणीघरात गुणगुणले तरी ओळखू येते असे घ्यावे.

दुसरी कसोटी भावाची. गाणे जितके गंभीर, करुण किंवा रुबाबदार, तितका त्याचा हुम्पा चांगला होतो. मुळातच मिश्कील असलेल्या गाण्याचा हुम्पा करू नये. दोन चेष्टा एकमेकींना खातात. विरहगीत, वीररसाचे गाणे, आत्मप्रौढीचे रॉक गाणे ही उत्तम सामग्री. फिनिश नृत्यसंगीताला कोमल गांधाराची, म्हणजे मायनर स्वरमेळाची (कॉर्डची) फार ओढ आहे आणि तिथले लोक रडव्या सुरावटीवर आनंदाने नाचतात, तेव्हा कोमल गांधार असलेले गाणे मिळाले तर दुधात साखर.

तिसरी कसोटी तालाची. मूळ गाणे ४ किंवा ८ मात्रांत असेल तर काम सरळ आहे. दादऱ्यातल्या किंवा वॉल्ट्झमधल्या गाण्याला मुरड घालावी लागते. तिची रीत पुढे येईल. सात मात्रांच्या रूपकातल्या गाण्याच्या वाटेला निदान पहिल्या वर्षी जाऊ नये.

लय बसवण्याची युक्ती

सगळ्या कामाची किल्ली या पायरीत आहे. समजा मूळ रॉक गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे आहे. त्याचा प्रत्येक ठोका हुम्प्यातल्या बासच्या एका ठोक्याइतका धरावा. म्हणजे मूळ गाण्याचा एक ठोका म्हणजे हुम्प्याच्या दोन मात्रा, आणि मूळ गाण्याचे चार ठोक्यांचे एक आवर्तन म्हणजे हुम्प्याची दोन आवर्तने. गाणारा जवळजवळ मूळ गतीनेच गातो; त्याच्याखाली मिनिटाला २४० मात्रांची साथ धावत असते. ऐकणाऱ्याला गाणे दुप्पट वेगाने गेल्यासारखे वाटते, गाणाऱ्याचा श्वास मात्र पुरतो.

केरव्यातल्या गाण्याचा हिशेब आणखी सोपा आहे. केरव्याच्या आठ मात्रांपैकी १, ३, ५, ७ यांवर बास ठेवावा आणि २, ४, ६, ८ यांवर आखूड आघात ठेवावा. केरव्याचे एक आवर्तन हुम्प्याच्या दोन आवर्तनांत नेमके बसते.

मूळ ठोके मिनिटाला साधारण १०० ते १३५ या पट्ट्यात असले, तर थोडे पुढेमागे करून गाणे बसते. मूळ गाणे ७० च्या आसपासचे संथ असेल तर दोन मार्ग राहतात. पहिला मार्ग म्हणजे सुरावट खरोखरच वेगात घेऊन ११० पर्यंत आणणे, आणि करुण गाण्याच्या बाबतीत हाच परिणामकारक ठरतो. दुसरा म्हणजे प्रत्येक मूळ ठोक्याला बासचे दोन ठोके देणे. त्यात बास १४० वर जातो, सुरावट लांबलचक पसरते आणि नाचणाऱ्याची दमछाक होते. मी दुसरा मार्ग दोनदा वापरून पाहिला आणि सोडून दिला.

दादऱ्यासाठी रीत अशी: तीन मात्रांच्या प्रत्येक गटातली पहिली मात्रा दुप्पट करावी, उरलेल्या दोन तशाच ठेवाव्यात. तीनच्या जागी चार होतात आणि सहा मात्रांचे आवर्तन आठांत बसते. दहा गाण्यांपैकी सहासात या रीतीने सुखाने वळतात. ज्यात पहिल्या मात्रेवर सुरावट गप्प असते त्या गाण्यात ही युक्ती फसते. ते गाणे वॉल्ट्झ म्हणूनच ठेवावे, कारण फिनिश नाचाच्या रात्री वॉल्ट्झ, टँगो आणि येन्का यांनाही जागा असते आणि वादकांना तेवढीच विश्रांती मिळते.

येथेच लांबीचाही अंदाज घ्यावा. मिनिटाला २४० मात्रांच्या गतीत ३२ आवर्तने बत्तीस सेकंदांत संपतात. गाण्याचा एक पूर्ण फेरा एवढा असेल तर तीन फेरे, एक वाद्यांचा फेरा आणि सुरुवातीची चार-आठ आवर्तने मिळून सव्वादोन मिनिटे होतात. तेवढे पुरे आहे. पाच मिनिटांचे मूळ गाणे आहे म्हणून पाच मिनिटांचा हुम्पा करण्याचा मोह आवरावा.

बास: सा आणि प

बासवादकाने पहिल्या मात्रेवर स्वरमेळाचा मूळ स्वर आणि तिसऱ्या मात्रेवर त्याचा पंचम द्यावा. सा हा आधारस्वर धरला तर सा-मेळावर सा आणि प, मध्यमाच्या मेळावर म आणि सा, पंचमाच्या मेळावर प आणि रे असे जोड पडतात. कोमल गांधाराच्या गाण्यांत नेहमी लागणारे आणखी जोड म्हणजे कोमल धैवताच्या मेळावर कोमल धैवत आणि कोमल गांधार, कोमल निषादाच्या मेळावर कोमल निषाद आणि म, कोमल गांधाराच्या मेळावर कोमल गांधार आणि कोमल निषाद. एवढे सहा जोड हाताला बसले की बहुतेक गाणी निघतात. दुसरा स्वर शक्यतो पहिल्याच्या खालच्या बाजूचा घ्यावा. तो वर घेतला की बास नाचण्याऐवजी गाऊ लागतो.

हे जोड कोणी टेबलाशी बसून ठरवलेले नाहीत. अकॉर्डियनच्या डाव्या हाताची बटणे पंचमांच्या क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे कोणत्याही मूळ स्वराचा पंचम लगतच्या बटणावर सापडतो. बोट एका बटणावरून शेजारच्या बटणावर सरकवण्यात जी सहजता आहे, तिच्यातून ही चाल वाद्याच्या अंगानेच येते.

स्वरमेळ एकाच आवर्तनात दोनदा बदलत असेल तर पंचम सोडून द्यावा आणि दोन्ही ठोक्यांवर त्या त्या मेळाचा मूळ स्वर वाजवावा. आठ आवर्तनांचा टप्पा संपताना, पुढच्या मेळाकडे जाण्यासाठी, शेवटच्या एका आवर्तनात बासने चारही मात्रांवर चालत जावे. उदाहरणार्थ सा-मेळाकडून मध्यमाकडे जाताना सा, रे, कोमल ग, शुद्ध ग आणि मग म. ही चाल चवीपुरती वापरावी. प्रत्येक दोन आवर्तनांनी वापरली तर नाचणाऱ्याचा पाय कशावर टाकायचा तेच त्याला कळत नाही.

मूळ रॉक गाण्यात नुसते सा-प असे अर्धवट स्वरमेळ असतील तर ते पूर्ण करून घ्यावेत, म्हणजे गांधार कोमल की शुद्ध याचा निर्णय सुरावट पाहून करावा. मुळात पंचमाचा मेळ कोमल निषादाने येत असेल, तरी ओळीच्या शेवटी मी तेथे शुद्ध निषाद आणि वर मध्यम घालतो. सा कडे परतण्याची ओढ त्याशिवाय येत नाही आणि जुन्या नृत्यसंगीताचा रंग त्या एका स्वराने लागतो.

उलट्या मात्रेचा आघात

दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर अकॉर्डियन, गिटार किंवा कीबोर्डने पूर्ण स्वरमेळ द्यावा. तो लागताक्षणी सुटला पाहिजे. मात्रा पाव सेकंदाची आहे. आघात त्याच्या निम्म्यातच संपावा आणि उरलेली जागा रिकामी राहावी, कारण बासचा पुढचा ठोका त्या रिकाम्या जागेतच उठून दिसतो. गिटारवाल्याने तारा छेडून डाव्या हाताची पकड लगेच सैल करावी. कीबोर्डवाल्याने सस्टेनचे पेडल मांडीखाली नव्हे, तर घरी ठेवून यावे.

आपल्याकडे अकॉर्डियन सहज मिळत नाही आणि पेटी घरोघरी आहे, म्हणून पेटीवर हे जमेल का, असा प्रश्न साहजिकच येतो. जमते, पण निम्मे. अकॉर्डियनवाला डाव्या हाताने भाता हलवतानाच त्याच हाताच्या बोटांनी बास आणि स्वरमेळ दोन्ही देऊ शकतो, तिथे एका बटणात पूर्ण मेळ मिळतो. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला असल्याने त्याला फक्त ‘पा’ देता येतो, ‘हुम्’ दुसऱ्याने द्यावा लागतो. शिवाय पेटीला भाता मात्रेनुसार झटके देऊन चालवण्याचा मोह होतो, त्याने आवाज हेलकावतो. भाता अगदी सम ठेवावा आणि आखूडपणा केवळ उजव्या बोटांच्या उचलण्यातून आणावा. खर्जाचा सूर भरून राहणाऱ्या पेटीपेक्षा एकेरी, तीक्ष्ण आवाजाची पेटी या कामाला बरी.

तालवाद्य

ड्रम असतील तर मोठा ड्रम १ आणि ३ वर, स्नेअर २ आणि ४ वर, आणि आठ आवर्तनांच्या शेवटी फार तर एका आवर्तनाची भर, इतकेच वाजवावे. रॉकमधून आलेल्या ड्रमवादकाला हे अपमानास्पद वाटते, वाटू द्यावे. मोठा ड्रम जोराने मारला की बासचा स्वर त्याखाली झाकला जातो, म्हणून मधल्या आवाजात पण घड्याळासारखे वाजवणारा वादक येथे खरा उपयोगाचा. ढोलकी किंवा तबला-डग्गा वापरायचा असेल तर डग्ग्याचा बंद, घुमारा नसलेला आवाज १ आणि ३ वर आणि चाटेचा ‘ना’ २ आणि ४ वर ठेवावा. घुमारा वर चढवत नेण्याची हौस आली की लगेच लावणीचा भास होतो, आणि मग तो वेगळाच कार्यक्रम.

सुरावट आणि गळा

मींड, मुरकी आणि लांब आंदोलित स्वर हे या गतीत ऐकूच येत नाहीत, उलट सुरावट मातकट होते. स्वर सरळ लावून सरळ सोडावा. रॉक गाण्यांत शब्द मात्रेच्या किंचित आधी टाकण्याची लकब असते. ओळीच्या आरंभी ती सरळ करून शब्द बासवर आणावा, ओळीच्या मध्यावर मात्र एखाद्या ठिकाणी तशीच राहू द्यावी, कारण मूळ गाण्याची ओळख बऱ्याचदा त्या एका आधीच पडलेल्या शब्दातच असते. जिथे गायक दोन आवर्तने स्वर धरून ठेवतो तिथे अकॉर्डियनने आठ-दहा स्वरांची झटपट उतरण भरावी. मूळ गाण्यात गिटारची प्रसिद्ध लकेर असेल तर ती सोडू नये. तीच कीबोर्डवर, गिटारच्या सगळ्या आवेशातून मुक्त करून, कारकुनी नेटकेपणाने वाजवावी. हशा हमखास तिथे येतो.

शब्द

एलॅकेलॅइसेतचे शब्द भाषांतर नसतात, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे निम्मे श्रेय या एका निर्णयाला आहे. मूळ गाण्यात बंड असो वा प्रेम, फिनिश शब्दांत येते ते दारू, दारिद्र्य, थकवा आणि मुख्यतः हुम्पाच. शीर्षकातही हुम्पा हा शब्द वारंवार डोकावतो. विडंबनकार मूळ शब्दांशी खेळतो; हे लोक मूळ शब्दांकडे पाहतच नाहीत.

मराठीत असे शब्द लिहायचे झाल्यास विषय शोधायला लांब जावे लागत नाही. वाद्यवृंदाचे नावच पेन्शनर. तेव्हा नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत लागणारी रांग हा विषय तयारच आहे. रचनेचा नियम एवढाच की प्रत्येक महत्त्वाचा शब्द बासच्या ठोक्यावर पडावा. नमुन्यादाखल दोन ओळी देतो, तिरक्या रेषेने बासचे ठोके दाखवले आहेत:

सात / नंबर / खिडकी / बंद, आठ / नंबर / खिडकी / बंद,
साहेब / गेले / जेवा- / -यला, घड्याळ / चाले / मंद / मंद.

एका मात्रेला एक अक्षर धरले तर सेकंदाला चार अक्षरे होतात, ती सहज म्हणता येतात. मात्रेत दोन अक्षरे कोंबली की सेकंदाला आठ होतात आणि जीभ अडखळते, त्यात जोडाक्षर आले तर संपलेच. वरच्या दुसऱ्या ओळीतले ‘घड्याळ’ त्याच कारणाने मला दोन तालमी सलत होते. पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या पेन्शनराला घड्याळाखेरीज पाहायला दुसरे असते काय, म्हणून ठेवले.

तालीम कशी करावी

पहिल्या बैठकीत फक्त बास आणि उलटा आघात यांनी, मेट्रोनोम मिनिटाला ८० बासठोक्यांवर लावून, दोन स्वरमेळांवर दहा मिनिटे सलग वाजवावे. हे कंटाळवाणे आहे आणि कंटाळा हाच सराव आहे. कंटाळलेला हात अंगातले अनावश्यक जोर आपोआप सोडतो. त्यानंतर चार-चार ठोक्यांनी गती वाढवावी. ज्या गतीला मनगट किंवा खांदा दुखू लागतो त्या गतीवरून आठ ठोके खाली यावे आणि त्या दिवशी तिथेच थांबावे. ११६ वर निवांत वाजणारा हुम्पा १३० वर धापा टाकणाऱ्या हुम्प्यापेक्षा नेहमीच सरस ठरतो.

सुरावट आणि शब्द तिसऱ्या बैठकीपर्यंत आणूच नयेत. आणल्यावर पहिल्यांदा जे घडते ते सर्वत्र सारखेच असते: गाणारा ओळीच्या शेवटी श्वासासाठी घाई करतो, साथ त्याच्यामागे धावते आणि गाणे संपेपर्यंत गती दहा ठोक्यांनी वाढलेली असते. उपाय म्हणून श्वासाच्या जागा कागदावर खुणेने ठरवून घ्याव्यात, गरज पडल्यास शब्द गाळावा. प्रत्येक तालीम मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पहिल्या आणि शेवटच्या आवर्तनाची गती मोजावी. फरक तीन-चार ठोक्यांच्या आत आला की गाणे लोकांपुढे नेण्याजोगे झाले.

नाचून पाहिल्याशिवाय खरे नाही

फिनलंडमध्ये उन्हाळी नाचासाठी तळ्याकाठी किंवा रानात बांधलेले लाकडी मंडप असतात. त्यांना ‘तान्सिलावा’ म्हणतात. तिथला रिवाज असा की एकदा नाचायला विचारले की त्याच जोडीदाराबरोबर लागोपाठ दोन गाणी नाचायची आणि नंतर त्याला किंवा तिला जागेवर पोहोचवून यायचे. वादकांच्या दृष्टीने याचा अर्थ हा की गाणी एकाच प्रकारची दोन-दोन अशी लावावी लागतात. हुम्पा एकटा वाजवून लगेच टँगोकडे वळले तर नाचणाऱ्यांचा हिशेब चुकतो.

आपल्या साथीवर नाचता येते की नाही हे तपासण्यासाठी वाद्यवृंदातल्याच दोघांनी नाचून पाहावे. हुम्प्याच्या पदन्यासाच्या एकाहून अधिक रीती आहेत. नवख्यांना फॉक्सट्रॉटवरून आलेली साधी रीत पुरते. जोडीदारांनी समोरासमोर, जवळच्या पकडीत उभे राहावे. पुढाकार घेणाऱ्याने डाव्या पायाने, दुसऱ्याने उजव्या पायाने सुरुवात करावी. दोन पावले सावकाश, म्हणजे बासच्या एकेका ठोक्याला एक, आणि नंतर दोन पावले झटपट, म्हणजे एकेका मात्रेला एक: सावकाश, सावकाश, झटपट, झटपट. झटपट पावले इतकी लहान असावीत की त्यांनी जागा जवळजवळ बदलूच नये. झटपट पावले साधत नसतील तर ती सोडून सरळ बासवर चालत राहावे, तेही हुम्पाच आहे. सगळ्या जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मंडपाभोवती सरकतात. मध्येच थांबून गिरक्या घेणाऱ्याला मागच्या जोडीचा धक्का बसतो आणि तो धक्का योग्यच असतो.

जोडी तिसऱ्या फेऱ्याला उड्या मारू लागली तर बास फार जोरात किंवा फार तुटक वाजतो आहे असे समजावे. जोडी पाय घासू लागली तर उलट्या मात्रेचा आघात लांबला आहे. मेट्रोनोम जे सांगत नाही ते गुडघे सांगतात.

मंच आणि परवानगी

एलॅकेलॅइसेतचे वादक टेबलामागे बसून वाजवतात. ही नाट्यकल्पना म्हणून चांगली आहेच, पण बसल्याने अंगाची हालचाल कमी होते आणि गती स्थिर राहते हा व्यवहारी फायदाही आहे. बसूनच वाजवावे. हसणे श्रोत्यांकडे सोपवावे. वादक स्वतः हसला की चेष्टा तिथेच संपते.

दुसऱ्याच्या गाण्याला नवे शब्द देऊन ते ध्वनिमुद्रित करायचे असेल तर मूळ हक्कधारकांची परवानगी घ्यावीच लागते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी हे पाच वर्षे जुन्या गाण्यांच्या नव्या ध्वनिमुद्रणांना ठरावीक मानधनावर वाट मोकळी करते, पण ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेले फेरफार संमतीशिवाय त्यात चालत नाहीत, आणि हयातीच्या दाखल्यावर लिहिलेले शब्द कोणत्याही तंत्राने आवश्यक ठरवता येणार नाहीत. लग्नाशी निगडित समारंभातील वादनाला कायद्याच्या ५२ व्या कलमात सवलत आहे; तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला ती लागू होत नाही, तिथे परवान्याची सोय आधीच पाहावी.

गाणे संपवण्याची रीत

हौशी वाद्यवृंदांचा हुम्पा शेवटाशी बिघडतो, कारण गाणे संपत आले की सगळ्यांना लय ओढून धरावीशी वाटते. आपल्याकडे तिहाईची सवय असल्याने ती घालण्याचीही उबळ येते. दोन्ही टाळावे. शेवटची ओळ संपली की त्याच गतीत आणखी दोन आवर्तने सा-मेळावर काढावीत. त्यांतल्या दुसऱ्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून प, तिसऱ्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून सा, तोही आखूड, आणि चौथ्या मात्रेवर कोणीही काहीही वाजवू नये. ड्रमवादकाचा हात तिथे जातोच. म्हणून तालमीत त्याला शेवटच्या ‘सा’ बरोबर काठ्या टेबलावर ठेवायला शिकवावे.